विश्लेषण : आजीचा फोटो, घराची गोष्ट... ‘शेअर’ केल्यावर मालकी कोणाची?

पत्र्याच्या ट्रंकेत किंवा काळ्या पानांच्या अल्बममध्ये वर्षानुवर्षे पडून असलेले घरगुती फोटो आता मोबाइलवर टिपून समाजमाध्यमांवर येत आहेत. सोबत त्यामागची गोष्टही येते. आजोबा गिरणीत कसे लागले, आजीने नऊवारीतच सायकल कशी शिकली, गाव सोडताना काय मागे राहिले. अशा नोंदींना हजारो वाचक मिळतात आणि त्यांतून सामान्य माणसांचा इतिहासही जमा होतो. मात्र फोटो एकाने काढलेला, त्यात दिसणारी दुसरी, गोष्ट सांगणारा तिसरा आणि ती प्रसिद्ध करणारा चौथा असतो. यांपैकी हक्क कोणाचा आणि संमती कोणाची, याचे उत्तर अनेकांना माहीत नसते. कायदा काय सांगतो आणि कुठे गप्प राहतो, याविषयी...

घरगुती फोटोंना एवढे महत्त्व का आले?

राजेरजवाडे, पुढारी आणि मोठ्या घटनांचे फोटो सरकारी व वृत्तपत्रांच्या संग्रहांत सापडतात. चाळीतला गणपती, मुंजीची पंगत, पहिल्या स्कूटरसमोर उभे राहिलेले जोडपे यांचे फोटो मात्र फक्त घरांतच असतात. माणसे कोणते कपडे घालत, घरात बायका फोटोत कुठे बसत, मुलगी शाळेत केव्हा जाऊ लागली, हे या फोटोंतून कळते. मात्र त्यासाठी फोटोतील माणसे कोण आणि प्रसंग कोणता हे सांगणारे कोणीतरी असावे लागते. गोष्ट हरवली की फोटोत उरतात ती अनोळखी माणसे.

हीच बाब हेरून अनुषा यादव यांनी २०१० मध्ये ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ सुरू केला. लोकांनी आपल्या घरातील जुना फोटो आणि त्यामागची हकिगत पाठवायची, असे त्याचे स्वरूप. मुंबईतील ‘सिटिझन्स आर्काइव्ह ऑफ इंडिया’ ही संस्था ज्येष्ठांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करते आणि त्यांच्याकडील फोटो-कागदपत्रांच्या प्रती जपते. आंचल मल्होत्रा आणि नवधा मल्होत्रा यांनी २०१७ मध्ये सुरू केलेले ‘म्युझियम ऑफ मटेरियल मेमरी’ घरातल्या वस्तूंच्या आधारे कुटुंबांचा इतिहास नोंदवते. न्यूयॉर्कमध्ये ब्रँडन स्टँटन यांनी २०१० मध्ये ‘ह्यूमन्स ऑफ न्यूयॉर्क’ सुरू केले आणि ‘एक फोटो, खाली त्या माणसाचे मनोगत’ हा प्रकार जगभर पोहोचला. २०१४ मध्ये मुंबईत ‘ह्यूमन्स ऑफ बॉम्बे’ आले. आज जवळपास प्रत्येक गावाचे, शाळेचे, आडनावाचे एखादे पान किंवा ग्रुप असतो आणि त्यात रोज कोणाचा तरी जुना फोटो येतो.

फोटोचा कायदेशीर मालक कोण?

बहुतेकांचा समज असा की, फोटोत जो आहे त्याचाच फोटो. कायद्याचे उत्तर वेगळे आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारी व्यक्ती. कर्ताच सर्वसाधारणपणे पहिला मालक असतो. सहलीत मित्राने तुमचा फोटो काढला तर त्याचा कॉपीराइट मित्राकडे. सेल्फीचा कॉपीराइट ती काढणाऱ्याकडे.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. एखाद्याच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन फोटो काढला असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तो काढून घेणारा ठरतो. कायद्याच्या कलम १७ मध्ये ही तरतूद आहे. म्हणजे लग्नात पैसे देऊन नेमलेल्या छायाचित्रकाराने काढलेल्या फोटोंचा कॉपीराइट, करारात वेगळे काही लिहिले नसेल तर, ज्याने काम दिले त्याचा. छायाचित्रकाराला ते फोटो जाहिरातीसाठी स्वतःच्या पानावर टाकायचे असतील तर परवानगी घ्यावी लागेल. मात्र आजकाल अनेक छायाचित्रकारांच्या करारात ‘प्रसिद्धीसाठी वापरण्याचा हक्क’ अशी ओळ असते. आगाऊ रक्कम देताना ती ओळ कोणी वाचत नाही आणि नवरीच्या हळदीचे रील अनोळखी लोकांनी पाहिल्यावर वाद होतो.

कॉपीराइट किती काळ टिकतो, हेही पाहायला हवे. २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी फोटोंसाठी तो प्रसिद्धीनंतर ६० वर्षे होता. ही स्वतंत्र तरतूद २०१२ मध्ये काढण्यात आली आणि फोटोंनाही चित्रांप्रमाणे कर्त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे असे संरक्षण मिळाले. छापील प्रत हातात असणे आणि कॉपीराइट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रद्दीवाल्याकडून जुना अल्बम विकत घेतला म्हणून त्यातील फोटो छापण्याचा हक्क आपोआप मिळत नाही.

फोटोमागची गोष्ट कोणाची?

घडलेल्या घटनांवर कोणाचाही कॉपीराइट नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले. कल्पना, विषय, कथाबीज, ऐतिहासिक तथ्ये यांवर मालकी सांगता येत नाही. ती मांडण्याची पद्धत, म्हणजे शब्दरचना आणि अभिव्यक्ती यांना संरक्षण मिळते. काकांच्या आयुष्याची हकिगत पुतण्याने स्वतःच्या शब्दांत लिहिली तर त्या लेखनाचा कॉपीराइट पुतण्याचा. काकांच्या आयुष्याचा मात्र नाही.

‘फोटो आणि गोष्ट’ या प्रकारावरच २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात वाद गेला. ‘ह्यूमन्स ऑफ बॉम्बे’ने ‘पीपल ऑफ इंडिया’ या मंचावर आपल्या मजकुराची व मांडणीची नक्कल केल्याचा आरोप करून दावा दाखल केला. मूळ कल्पना ज्यांची, त्या स्टँटन यांनी या दाव्यावर जाहीर नाराजी व्यक्त केल्याने प्रकरण गाजले. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने दावा निकाली काढला. माणसांच्या गोष्टी सांगण्याच्या कल्पनेवर कोणाची मक्तेदारी असू शकत नाही, मात्र त्या गोष्टींच्या विशिष्ट अभिव्यक्तीला आणि मंचाने स्वतः काढून घेतलेल्या फोटोंना संरक्षण आहे, असे न्यायालयाने नमूद केले. दोन्ही बाजूंनी एकमेकांचे कॉपीराइट असलेले साहित्य वापरू नये, असेही बजावले.

सामान्य वाचकासाठी त्यातील दुसरा मुद्दा अधिक कामाचा आहे. व्यक्तींनी स्वतःहून पुरवलेल्या खासगी फोटोंवर मंचाला मालकी सांगता येत नाही. एखाद्या पानाला आजोबांचा फोटो दिला म्हणून तो दुसऱ्या कोणाला देण्याचा आपला मार्ग बंद होत नाही. अर्थात, फोटो पाठवताना एखादा अर्ज भरून हक्क देऊन टाकलेले नसतील तर.

फोटोत दिसणाऱ्यांची संमती लागते का?

कॉपीराइट आणि खासगीपणा हे दोन वेगळे हक्क आहेत. फोटो काढणाऱ्याकडे कॉपीराइट असला तरी फोटोतील व्यक्तीचा खासगीपणा संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये आर. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू या खटल्यात सांगितले की, स्वतःचे, कुटुंबाचे, विवाहाचे, मातृत्वाचे, मुलांचे, शिक्षणाचे खासगीपण जपण्याचा नागरिकाला हक्क आहे आणि त्याबद्दल संमतीशिवाय लिहिणाऱ्याविरुद्ध भरपाईचा दावा होऊ शकतो. सार्वजनिक दस्तऐवजांतील माहिती आणि स्वतःहून वादात उतरलेली व्यक्ती यांसाठी अपवाद ठेवले. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी निकालात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले.

घरच्या गोष्टींत अडचण येते ती इथे. नात एखादा जुना फोटो टाकते आणि कौतुकाने लिहिते की, आजीचे पहिले लग्न मोडले होते, तरी ती खचली नाही. नातीच्या दृष्टीने ही धैर्याची गोष्ट असते. आजीने मात्र ती पन्नास वर्षे शेजारच्या घरातही सांगितलेली नसते. पहिल्या सासरचे लोकही त्या गोष्टीत येतात. जात लपवून शहरात खोली मिळवलेले कुटुंब, दत्तक गेलेला मुलगा, घरातून पळून जाऊन केलेले लग्न या गोष्टी सांगण्याचा हक्क एकट्या सांगणाऱ्याचा नसतो.

फोटोतील व्यक्ती हयात नसेल तर? दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये अभिनेता सुशांतसिंह राजपूत याच्या आयुष्यावरील चित्रपटाच्या प्रकरणात म्हटले की, खासगीपणाचा हक्क व्यक्तीबरोबरच संपतो, तो वारशाने मिळत नाही. त्यामुळे दिवंगतांच्या गोष्टीला कायद्याचा अडथळा कमी आहे. परंतु त्या गोष्टीत हयात माणसेही असतील, तर त्यांचा हक्क कायम राहतो.

नवा डेटा संरक्षण कायदा मदतीला येईल का?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू करण्याची तरतूद आहे. ओळख पटू शकेल असा फोटो हा वैयक्तिक डेटाच आहे. नियम मोडणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पण कलम ३ मधील दोन अपवाद नीट वाचायला हवेत. पहिला, एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला हा कायदा लागू नाही. चुलतभावाने कुटुंबाच्या ग्रुपवर तुमचा नकोसा फोटो टाकला तर या कायद्याखाली दाद मिळणार नाही. दुसरा अपवाद अधिक दूरगामी आहे. जी माहिती त्या व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केली आहे, तिलाही हा कायदा लागू नाही. समाजमाध्यमावर स्वतःची माहिती उघड करणाऱ्या व्यक्तीचे उदाहरणच कायद्यात दिले आहे. थोडक्यात, ‘पब्लिक’ असे सेटिंग ठेवून टाकलेला स्वतःचा फोटो कोणी गोळा केला, तर या कायद्याची ढाल तिथे नाही.

लहान मुलांबाबत गुंतागुंत आणखी वाढते. १८ वर्षांखालील मुलांचा डेटा वापरण्यासाठी कंपन्यांना पालकांची पडताळलेली संमती घ्यावी लागेल. मात्र ज्याचा डेटा त्या व्यक्तीच्या, म्हणजे ‘डेटा प्रिन्सिपल’च्या व्याख्येत मुलांच्या बाबतीत आई-वडिलांचाही समावेश आहे. मग आई-वडिलांनीच बाळाचा फोटो सार्वजनिक केला, तर तो ‘स्वतःहून सार्वजनिक केलेला’ धरायचा का? तरतुदींचा तसा अर्थ निघू शकतो. मुलाने मोठे झाल्यावर हरकत घेतली तर काय, याचे थेट उत्तर कायद्यात नाही.

अन्य देशांत काय घडले?

नेदरलँड्समधील एका न्यायालयाने मे २०२० मध्ये दिलेला निकाल याबाबत नेहमी सांगितला जातो. एका आजीने नातवंडांचे फोटो फेसबुक व पिंटरेस्टवर टाकले होते. मुलांच्या आईने ते काढून टाकण्याची वारंवार विनंती केली. आजीने ऐकले नाही आणि प्रकरण न्यायालयात गेले. युरोपच्या डेटा संरक्षण कायद्यातही घरगुती वापराला सूट आहे. परंतु समाजमाध्यमावर टाकलेले फोटो अनोळखी लोकांपर्यंत पोहोचू शकत असतील तर ती सूट लागू होत नाही, असे न्यायालयाने मानले. फोटो न काढल्यास दिवसाला ५० युरो, कमाल एक हजार युरो दंड आकारण्याचा आदेश दिला.

फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये मुलांच्या प्रतिमेच्या हक्काविषयी स्वतंत्र कायदा केला. मुलाच्या खासगीपणाचे रक्षण ही आई-वडिलांची जबाबदारी असल्याचे त्यात नमूद केले असून, मुलाचे वय व समज लक्षात घेऊन त्यालाही निर्णयात सामील करून घेण्यास सांगितले आहे. पालकांत मतभेद असतील तर न्यायालय एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय फोटो प्रसिद्ध करण्यास मनाई करू शकते. भारतात अशी वेगळी तरतूद नाही.

सार्वजनिक झालेला फोटो पुढे कुठे जातो?

इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर फोटो टाकला म्हणून मालकी कंपनीकडे जात नाही. मात्र तो जगभर, मोबदला न देता वापरण्याचा आणि तो परवाना इतरांना देण्याचा अधिकार आपण अटी मान्य करताना कंपनीला देतो. फोटो काढून टाकल्यावर हा परवाना संपतो. तोपर्यंत फोटो किती ठिकाणी पोहोचला, यावर मात्र आपले नियंत्रण राहत नाही.

याचे पुरावे अनेक आहेत. ‘आयबीएम’ने २०१९ मध्ये चेहरे ओळखण्याच्या संशोधनासाठी सुमारे दहा लाख फोटोंचा संच जाहीर केला. ते फ्लिकरवर लोकांनी मुक्त परवान्याखाली टाकलेले फोटो होते आणि त्यांतील बहुतेकांना याचा पत्ताही नव्हता. ‘क्लीअरव्ह्यू एआय’ या कंपनीने संकेतस्थळांवरून तीन अब्जांहून अधिक चेहरे गोळा करून पोलिसांना शोधयंत्रणा पुरवल्याचे २०२० मध्ये उघड झाले. फेसबुकची मूळ कंपनी ‘मेटा’ने २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदीय चौकशीत मान्य केले की, २००७ पासून प्रौढांनी सार्वजनिक ठेवलेले फोटो व मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी वापरले गेले.

‘ह्यूमन राइट्स वॉच’ने जून २०२४ मध्ये दिलेला अहवाल घरगुती फोटोंच्या दृष्टीने सर्वाधिक बोलका आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘लायन-५बी’ या सुमारे ५.८५ अब्ज प्रतिमांच्या संचाचा अत्यल्प भाग तपासला असता ब्राझीलमधील १७० मुलांचे फोटो सापडले. त्यांतील अनेक फोटो पालकांनी किंवा नातलगांनी मोजक्या माणसांसाठी, कित्येक वर्षांपूर्वी टाकलेले होते. काही मुलांची नावे फोटोखालच्या ओळीतच होती. फोटोसोबतची गोष्ट वाचकाला जवळची वाटते, तीच यंत्राला चेहरा, नाव आणि गाव जोडून देते, हा त्यातील धडा.

भारतात या धोक्याचे सर्वांत कुरूप रूप जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि जानेवारी २०२२ मध्ये ‘बुल्ली बाई’ या प्रकरणांत दिसले. मुस्लीम महिलांनी समाजमाध्यमांवर टाकलेले साधे फोटो उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडण्यात आला. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने आरोपींना अटक केली. त्या फोटोंत काहीही आक्षेपार्ह नव्हते. ते उपलब्ध होते, एवढेच.

एआय ॲपला जुना फोटो देणे कितपत सुरक्षित?

मार्च २०२५ मध्ये ‘जिब्ली’ शैलीतील चित्रांची लाट आली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गुगलच्या ‘नॅनो बनाना’वरून साडीतील फोटोंची. फाटलेला, डागाळलेला फोटो दुरुस्त करून रंगीत करण्यासाठीही अशी साधने वापरली जातात. इथे दोन मुद्दे आहेत. एक, दिलेला फोटो कंपनी किती काळ ठेवते आणि प्रशिक्षणासाठी वापरते का, हे प्रत्येक सेवेच्या अटींवर व आपण ठेवलेल्या सेटिंगवर ठरते. दुसरा, दुरुस्तीच्या नावाखाली यंत्र चेहऱ्याचे हरवलेले तपशील अंदाजाने भरते. पणजोबांचे नाक, लुगड्याचा काठ, मागची पाटी यंत्राने रचलेली असू शकते. पुढच्या पिढीला तोच फोटो खरा वाटेल. म्हणून सुधारित प्रतीवर तशी नोंद करणे आणि मूळ प्रत वेगळी जपणे आवश्यक ठरते.

समाजमाध्यमावर टाकले म्हणजे जतन झाले का?

तसे नाही. ‘ऑर्कुट’ सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाले आणि त्यावरील आठवणी वेळेत उतरवून न घेणाऱ्यांच्या हातून गेल्या. ‘मायस्पेस’ने २०१९ मध्ये मान्य केले की, सर्व्हर बदलताना २०१६ पूर्वीचे फोटो, गाणी व चित्रफिती नष्ट झाल्या. ‘फ्लिकर’ने २०१९ मध्ये मोफत खात्यांना एक हजार फोटोंची मर्यादा घातली. ‘गुगल फोटोज’ने जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवण बंद केली. कंपन्यांचा व्यवसाय बदलतो तसे नियम बदलतात.

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकाराने लहान केला जातो आणि त्यातील तारीख, कॅमेरा आदी अंतर्गत नोंदी निघून जातात. तोच फोटो दहा ग्रुपमधून फिरून आला की अक्षरे वाचता येत नाहीत. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ दर्जा टिकतो. दुसरीकडे, अल्बम घरात ठेवणे हेही पुरेसे नाही. २००५ मध्ये मुंबईत आणि २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात घरांत पाणी शिरले तेव्हा कपाटांच्या खालच्या खणातील अल्बमही भिजले. ओल, वाळवी आणि एकमेकांना चिकटलेली प्लास्टिकची पाने दरवर्षी हेच काम हळूहळू करत असतात.

मग फोटो आणि गोष्ट कशी शेअर करावी?

आधी जतन, मग प्रसिद्धी, हा क्रम सोयीचा. फोटो अल्बममधून काढता येत असेल तर काढून, प्रकाश परावर्तित होणार नाही अशा जागी सपाट ठेवून स्कॅन करावा किंवा टिपावा. मागची बाजूही टिपावी. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कोणी तरी पेन्सिलीने लिहिलेले नाव तिथेच असते. प्रती किमान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. कोण, कुठे, केव्हा, कोणी काढला आणि ही माहिती कोणी सांगितली, या पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात. घरातील ज्येष्ठांना फोटो दाखवून त्यांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करणे हा सर्वांत सोपा मार्ग. ते करतानाच ‘हे बाहेर सांगितले तर चालेल का’ असे विचारता येते. त्यांनी एखादा भाग वगळायला सांगितला तर ती नोंदही ठेवावी.

प्रसिद्ध करताना हयात व्यक्तींची संमती घ्यावी. मुलांचे फोटो सार्वजनिक न ठेवता मर्यादित लोकांपुरते ठेवावेत. शाळेचा गणवेश, घराचा पत्ता, गाडीचा क्रमांक दिसत असेल तर तो भाग कापावा. आईचे माहेरचे आडनाव, जन्मतारीख, जन्मगाव, पहिली शाळा या गोष्टी आठवणींत सहज येतात आणि नेमके हेच प्रश्न अनेक खात्यांच्या सुरक्षेसाठी विचारले जातात. कौतुकाची पोस्ट फसवणूक करणाऱ्याला उत्तरे पुरवू शकते. एखाद्या संग्रहाला किंवा पानाला फोटो देताना तो कुठे वापरणार, विकणार का, मागे घेता येईल का, हे लेखी विचारावे. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क हस्तांतराच्या लेखी करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरला जातो. म्हणून अशा अर्जातील ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द आधी शोधावेत.

गैरवापर झाल्यास दाद कुठे मागायची?

प्रथम पुरावा जपावा. पोस्टचा स्क्रीनशॉट, दुवा, वेळ आणि खात्याचे नाव नोंदवून मगच संबंधित मंचाकडे तक्रार करावी. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार प्रत्येक मंचाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. नग्न, लैंगिक स्वरूपाच्या किंवा बनावट बदल केलेल्या प्रतिमांची तक्रार पीडित व्यक्तीने केल्यास ती हटवण्यासाठी मूळ नियमांत २४ तासांची मुदत घालण्यात आली. मंचाने दाद न दिल्यास तक्रार अपील समितीकडे जाता येते.

एखाद्याच्या शरीराच्या खासगी भागाचे चित्र संमतीशिवाय टिपणे वा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई नुसार गुन्हा असून, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. स्त्रीच्या खासगी क्षणांचे चित्रण करणे व पसरवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. आर्थिक फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. खासगी फोटो पसरवण्याची धमकी मिळत असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ ही मोफत सेवा उपयोगी पडते. तिथे फोटो द्यावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी मंच त्या ठशाशी जुळणारी प्रतिमा रोखतात. केवळ नकोसा, पण आक्षेपार्ह नसलेला फोटो असेल तर मात्र मार्ग अरुंद आहे. मंचाकडे विनंती, कॉपीराइट आपला असल्यास त्या आधारे नोटीस, किंवा दिवाणी दावा.

पुढे काय?

डेटा संरक्षण कायद्याची पूर्ण अंमलबजावणी झाल्यावर ‘स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती’ या अपवादाचा अर्थ न्यायालयांना लावावा लागेल. आई-वडिलांनी टाकलेल्या फोटोंवर मोठ्या झालेल्या मुलांचा हक्क किती, हा प्रश्नही तेव्हा पुढे येईल. तोपर्यंत निर्णय घरातच होणार आहेत. फोटो लपवून ठेवले तर ज्येष्ठांबरोबर त्यांच्या गोष्टीही जातील. विचार न करता टाकले तर त्या गोष्टी कोणाच्या हाती पडतील याचा भरवसा नाही. अल्बम घेऊन आजीशेजारी बसणे आणि तिला आधी विचारणे, हे सध्या तरी कोणत्याही कायद्यापेक्षा लवकर लागू होणारे उत्तर आहे.